उत्तरेचे पंधरा यार्ड

क्लारा क्रीक, नेब्रास्का
१४ एप्रिल १९९७

लेन,

हे पत्र जमिनीसंबंधी आहे, म्हणून लिहितो आहे. बाकी काही कारण नाही.

सेंट लुडमिला कॉलेज येत्या हंगामापासून फुटबॉलचा संघ काढत आहे. आधी मला वाटलं, मुली खेळतात तो, पायाने मारायचा. पण नाही, आपलाच, लांबट चेंडू काखेत मारून पळायचा. कॉलेजात सध्या एकशे नऊ मुली आणि सहा मुलगे आहेत. सिस्टर अ‍ॅडेला आता प्राचार्य आहेत. त्या म्हणाल्या, "एमिल, दहा वर्षं प्रार्थना केली, मुलगे काही आले नाहीत. आता चेंडू टाकून बघू."

मैदानासाठी मी खालचं कुरण दिलं आहे, ओढ्यापासून आपल्या कुंपणापर्यंतचं. कुंपणाच्या उत्तरेला तुझी जमीन आहे. तिला हात लागणार नाही. मी कुंपणापासून पाच यार्ड सोडूनच मैदान आखणार आहे. माप चोख असेल. मापाच्या बाबतीत माझ्याकडून चूक होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

हार्लन ग्रेव्ह तुझ्या जमिनीत अजून लसूणघास घेतो. पीक चांगलं आहे.

हे फक्त तुझ्या माहितीसाठी. उत्तराची गरज नाही. ब्लांशने नमस्कार सांगितला आहे.

एमिल स्लादेक


२४ ऑगस्ट १९९७

लेन,

मागचं पत्र पोस्टाने परत केलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर असावा.

मुलगे आले. एकूण एकतीस. सिस्टरनी चाळीस धरले होते. ओमाहाहून नऊ आले, त्यांतला टेरेन्स पुलियम नावाचा मुलगा चेंडू घेऊन असा पळतो की बघणाऱ्याची मान दुखते. बाकीचे शेतावरचे. त्यांना वसतिगृहात मुलींच्या खालच्या मजल्यावर ठेवलं आहे आणि जिन्यावर सिस्टर बीएट्रिस विणकाम घेऊन बसतात. त्यांचा स्वेटर जवळजवळ झाला आहे.

कोच लुइझियानाचा आहे. नाव टिबोडो, वय एकतीस. आमच्याकडच्या सपाट जमिनीकडे तो अजून संशयाने बघतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "मिस्टर स्लादेक, शंभर यार्डांचं मैदान पाहिजे हं, पूर्ण शंभर."

मी म्हटलं, "पोरा, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी गावच्या शाळेचं मैदान आखतोय. बत्तीस वर्षं. शंभर म्हणजे शंभर."

तो "बरं साहेब" म्हणाला. टेप देऊ का, असं विचारत होता. मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच.

गवत मे महिन्यात पेरलं. आता मखमलीसारखं आलंय. मी चारी बाजूंनी दोरी बांधली आहे आणि पाटी लावली आहे: पहिल्या घरच्या सामन्यापर्यंत कोणीही पाऊल टाकू नये, सिस्टरनीसुद्धा. सराव कॉलेजच्या मागच्या कुरणात चालतो. टेरेन्सने तिथे काल शेणात लोळण घेतली, पण चेंडू सोडला नाही. कोच म्हणाला, यालाच म्हणतात खेळाडू. कपडे धुणाऱ्या मुलींनी वेगळं काही म्हटलं.

गोलखांब मी आणि हार्लनने उभे केले. हार्लन विचारत होता, "लेनला कळवलंस का?" मी म्हटलं, त्याच्या जमिनीचा काय संबंध?

तू समुद्राकाठी राहतोस, तुला या सगळ्याचं काय, असं ब्लांश म्हणते. खरं आहे. पण तू शाळेत सात नंबरचा शर्ट घालून पळायचास, ते टेरेन्सला बघून आठवलं.

एमिल


२१ सप्टेंबर १९९७

लेन,

तीन सामने झाले, तिन्ही बाहेरगावी. ५४–०. ४१–०. काल ३८–३.

कालच्या तीनसाठी बसमध्ये दोन तास गाणी चालली. मीही गेलो होतो, मला साखळी धरायला घेतात. तुझ्या लक्षात असेल, दहा यार्ड पुरे झाले की नाही ते बघायला दोन काठ्यांना बांधलेली साखळी घेऊन कडेने पळावं लागतं. अडुसष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे भरभर चालणंच. दुसऱ्या टोकाला हार्लन असतो. साखळी धरणाऱ्याने कोणाच्याही बाजूने ओरडायचं नसतं, हा नियम. त्यामुळे तीन गुण झाले तेव्हा मी तोंडात टोपी धरली होती.

साखळी हातात घेतली की मला नेहमी एकच दिवस आठवतो. तो कोणता ते मी लिहीत नाही. तुलाही माहीत आहे.

४ ऑक्टोबरला पहिला घरचा सामना. आयोवाचं डॉर्सी कॉलेज येतंय. तेही या वर्षी एकही जिंकलेले नाहीत. कोच म्हणतो, जिंकायचं असेल तर हाच.

एमिल


५ ऑक्टोबर १९९७, रविवार

प्रिय लेन,

मला तुझी माफी मागायची आहे, आणि त्याआधी तुला हसवायचं आहे. दोन्ही एकाच गोष्टीत आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

काल सकाळी दहाला पंच आले. तिघं होते. मोठे पंच लिंकनचे, टाय लावलेले. मी दोरी सोडली, मैदान दाखवलं. पांढऱ्याशुभ्र रेषा, हिरवंगार गवत, अजून एकही बूट लागलेला नाही. ते चालत सुटले. दक्षिणेच्या टोकाकडून उत्तरेकडे. मध्ये एकदा थांबले, मागे पाहिलं, पुन्हा चालले. मग परत आले.

"मैदान कोणी आखलं?"

मी छाती काढून म्हटलं, "मी."

"आकडे वाचा बरं."

मी वाचले. दहा, वीस, तीस, चाळीस, तीस, वीस, दहा.

"आणि पन्नास?"

लेन, मी तिथे उभा होतो आणि मला पन्नास कुठेच दिसेना. आपल्या शाळेत मुलं कमी, म्हणून आठ-आठ जणांचा खेळ. त्याचं मैदान ऐंशी यार्डांचं, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांच्या पट्ट्या. खांबापासून खांबापर्यंत शंभर. बत्तीस वर्षं मी "शंभर यार्डांचं मैदान" म्हणतो ते हेच. कॉलेजवाले अकरा-अकरा खेळतात. त्यांना पट्ट्या सोडून शंभर लागतात. रुंदीही तेरा यार्ड कमी. माझ्या हाताने आणि पायाने मी तेच मैदान आखलं होतं जे आयुष्यभर आखलं.

कोच टिबोडो मैदानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी रोज इथून गाडीने जायचो. मला वाटायचं, नेब्रास्कात सगळंच लांबून लहान दिसतं."

पंच म्हणाले, सामना एकला आहे. तीनपर्यंत थांबतो. तीनला मैदान पुरं नसलं तर सामना खेळल्याविना डॉर्सीला देणार.

रुंदीला जागा होती. लांबीला दक्षिणेला ओढा. राहिली उत्तर. उत्तरेला पाच यार्डांवर कुंपण, आणि कुंपणापलीकडे तू. वीसांतले पंधरा यार्ड तुझे.

हार्लन म्हणाला, "मी नुसता कसतो. जमीन त्याची. फोन कर."

मी म्हटलं, माझ्याकडे नंबर नाही. तेव्हा ब्लांशने कोलाचेच्या गोड पावांचा ट्रे खाली ठेवला आणि तुझा नंबर पाठ म्हणून दाखवला, एरिया कोडसकट. सगळ्या गावासमोर. अकरा वर्षं ती दर नाताळला तुझ्या कॅरलला फोन करते, हे मला काल कळलं. एक्केचाळीस वर्षांचा संसार.

सिस्टरच्या ऑफिसमधून फोन लावला. चौदा वेळा वाजला. मी मोजलं. तुम्ही बोटीवर असाल.

परत आलो तर अर्धं गाव कुंपणापाशी उभं होतं, कोणी हात लावत नव्हतं. सगळ्यांना ते कुंपण माहीत आहे. कोणी घातलं, कशासाठी घातलं आणि ते घातल्यावर कोण गाव सोडून गेलं, तेही माहीत आहे. सिस्टर अ‍ॅडेला म्हणाल्या, "एमिल, सामना जाऊ दे. काही बिघडत नाही." बोलताना त्यांची नजर त्या एकतीस मुलांकडे होती. गणवेश घालून, डोक्यावर शिरस्त्राण चढवून ती कुरणात रांगेत उभी होती.

मी पक्कड घेतली आणि पहिला खिळा स्वतः उपसला. विचारल्याशिवाय. हीच ती गोष्ट, जिची मी माफी मागतो आहे.

त्यानंतर जे झालं ते बघायला तू हवा होतास. हार्लनने यंत्र आणून घास कापला. सिस्टर आणि मुली दाताळी घेऊन मागे. काटेरी तार गुंडाळायला माणसं कमी पडली, तर डॉर्सीची मुलं बसमधून उतरली. त्यांचा कोच ओरडला, "अरे, हा सामना आपल्याला फुकट मिळतोय." त्यांचा एक धिप्पाड मुलगा म्हणाला, "कोच, आपण पाच तास बसून आलोय. मी खेळल्याशिवाय घरी जाणार नाही." मग दोन्ही संघांनी मिळून उत्तरेचे खांब उपटले. ट्रॅक्टरने नवे खड्डे पाडले. मी धुम्मसाने माती ठोकत होतो, एक डॉर्सीचा मुलगा ओळंबा धरून उभा. जुन्या रेषा पुसायला आगीचा बंब आला. बंबवाल्यांनी रेषांबरोबर सिस्टर बीएट्रिसनाही धुऊन काढलं. त्या नवा स्वेटर घालून आल्या होत्या.

फक्की संपली. चर्चच्या रंगकामाचा उरलेला चुना आणला. तोही संपला, तेव्हा ब्लांशने बेकरीच्या पिठाची पोती दिली. तुझ्याकडच्या टोकाची शेवटची रेषा पिठाची आहे. रात्री दव पडलं तर आज तिची कणीक झाली असेल.

या वेळी माप टिबोडोच्या पोलादी टेपने घेतलं. मला कोणी धरायलासुद्धा दिली नाही. ज्याला मी दिसेन तो विचारत होता, "एमिल, आज बारा इंचांचा फूट की आठ?" चर्चमध्ये आज सकाळी फादरनी प्रवचनात दहा आज्ञांचा आकडा घेतला आणि थांबून माझ्याकडे पाहिलं. लोक पाच मिनिटं हसत होते. तू असतास तर सर्वांत मोठ्याने हसला असतास. तुझा तो हक्क आहे.

तीनला सात मिनिटं कमी असताना पंच पुन्हा चालत गेले. परत आले आणि शिट्टी तोंडात धरली.

आता खेळाचं. दुसऱ्याच डावात टेरेन्स डावीकडून निसटला आणि गोलरेषा ओलांडून थेट तुझ्या जमिनीत जाऊन पडला. कॉलेजचा घरच्या मैदानावरचा पहिला टचडाउन, लेन, तुझ्या लसूणघासात. उठला तेव्हा हिरवा झाला होता.

आणि मग गंमत. जुन्या रेषा बंबाने पूर्ण पुसल्या नव्हत्या. तिसऱ्या सत्रात डॉर्सीचा एक मुलगा एकटाच उत्तरेकडे पळत सुटला, मागे कोणी नाही. माझ्या जुन्या गोलरेषेचा पांढरा ठसा त्याने ओलांडला आणि आनंदाने चेंडू हवेत उडवला. अजून वीस यार्ड बाकी होते. टेरेन्सने चेंडू उचलला आणि दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. डॉर्सीचा कोच पंचांच्या अंगावर धावला. पंच म्हणाले, "साहेब, पुसलेली रेषा ही रेषा नव्हे." आजपर्यंत माझ्या मापाने कुणाचं एवढं भलं झालं नव्हतं.

हरलो. २१–१३. पण सामना संपल्यावर कोणी घरी जाईना. दोन्ही संघांनी तुझ्या जमिनीत बसून खसखशीचे कोलाचे खाल्ले. डॉर्सीच्या त्या चेंडू उडवणाऱ्या मुलाने माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाला, "आजोबा, माझ्या नातवंडांनाही मी तुमचं नाव सांगेन." कौतुकाने म्हणाला असं नाही.

खांब आणि तार शेडमध्ये ठेवली आहे. तू म्हणशील तर लगेच कुंपण परत घालतो. पंधरा यार्ड घासाचं हार्लनशी मी बघतो. तू काहीच कळवलं नाहीस तरी समजेन.

तुझा भाऊ
एमिल


२० ऑक्टोबर १९९७

प्रिय लेन,

तुझं कार्ड आलं. दीपस्तंभाचं चित्र, मागे तीन शब्द: "माप कोणी घेतलं?"

ब्लांश म्हणते मी ते दिवसातून चार वेळा वाचतो. खोटं आहे. ते फ्रिजवर लावलंय, दूध काढताना नजर जाते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नीट बसून वाच.

त्या सामन्यानंतर माझी झोप उडाली. मैदानामुळे नाही. बत्तीस वर्षं मी ज्या गोष्टीची खात्री देत होतो तीच चुकली, तर आणखी काय काय चुकलं असेल, या विचाराने. म्हणून मागच्या मंगळवारी टिबोडोकडून टेप मागून घेतली आणि ओढ्यापलीकडच्या सरकारी दगडापासून मोजत गेलो. एकटाच. कुंपणाच्या खड्ड्यांपर्यंत.

बाबा गेले त्या वर्षी आपण दोघांनी त्यांच्या जुन्या साखळीने दगडापासून दहा साखळ्या मोजल्या होत्या. सहाशे साठ फूट, तिथे माझा हिस्सा संपतो. तू पुढचं टोक धरलं होतंस. खुंटी ठोकलीस. मग मी पावलांनी मोजलं, दोनशे वीस पावलं, आणि माझं शेवटचं पाऊल तुझ्या खुंटीच्या सहा फूट पुढे पडलं. मी म्हटलं, लेन साखळी सैल धरतो. हार्लनसमोर म्हटलं. तू साखळी तिथेच टाकलीस आणि गेलास. मी सहा फूट पुढे कुंपण घातलं.

टेप म्हणते, खड्डे सहाशे सहासष्ट फुटांवर आहेत. माझं पाऊल एका यार्डाचं नाही, लेन. यार्डाहून इंचाचा तिसरा हिस्सा मोठं आहे. दोनशे वीस पावलांचे होतात सहा फूट. तुझी खुंटी बरोबर होती. साखळी ताठ होती.

मी तीनदा मोजलं. चौथ्यांदा टिबोडोला दुसरं टोक धरायला नेलं. का ते त्याला सांगितलं नाही. तो म्हणाला, "मिस्टर स्लादेक, हे मैदान तर नाही." मी म्हटलं, नाही, हे जुनं आहे.

अकरा वर्षं तू सैल धरलीस असं मी या गावात बोलत आलो. काल चर्चनंतर कॉफीला सगळे असताना उभा राहिलो आणि ते परत घेतलं. कोणी हसलं नाही. फक्त हार्लन म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं." मग तेव्हाच का नाही बोललास, असं मी विचारलं नाही. मी तेव्हा कुणाचं ऐकलं असतं?

शेवटचा सामना ८ नोव्हेंबरला, घरीच. आतापर्यंत पाच खेळलो, पाच हरलो. हार्लनचा गुडघा सुजलाय, त्याला कडेने पळवणार नाही असं त्याची बायको म्हणते. साखळीचं पुढचं टोक धरायला माणूस नाही. सिस्टर अ‍ॅडेला म्हणाल्या, अनुभवी हवा.

मी एक नाव सुचवलं आहे.

तुझा
एमिल


१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय लेन,

ब्लांश म्हणते, तो स्वतः तिथे होता, त्याला काय सामन्याचं वर्णन लिहितोस? मी म्हटलं, तो त्या टोकाला होता. या टोकाला काय झालं ते त्याला कुठे ठाऊक आहे?

तू शुक्रवारी बसमधून उतरलास तेव्हा मी "प्रवास कसा झाला" विचारलं आणि तू "लांब" म्हणालास. बाकी दिवसभर आपण हवेवर बोललो. ब्लांशने रात्री मला विचारलं, "बोललात का?" मी म्हटलं, भरपूर. वारा उत्तरेचा आहे असं ठरलं.

शनिवारी तू मैदानावर गेलास, टोपी मागे सारलीस आणि दक्षिणेच्या खांबापासून उत्तरेच्या खांबापर्यंत पावलं मोजत गेलास. सगळी मुलं थांबून बघत होती. परत आलास आणि म्हणालास, "बरोबर आहे. म्हणजे तू आखलेलं नाही." 

आता ती शेवटची दोन मिनिटं. आपण १४–१२ ने पुढे. चौथा म्हणजे शेवटचा डाव, चेंडू आपल्याकडे. टेरेन्स गर्दीत घुसला आणि ढिगाखाली गेला. पंचांनी हात वर करून आपल्याला आत बोलावलं. दहा यार्ड झाले असले तर घड्याळ संपेपर्यंत चेंडू आपला, सामना आपला. नसले तर चेंडू त्यांचा, आणि त्यांचा लाथ मारणारा पोरगा वाऱ्याच्या बाजूने.

मी मागची काठी रेषेवर ठेवली. तू पुढची घेऊन गेलास. आणि लेन, साखळी माझ्याकडून सैल होती. बोटभर. वाकलेल्या पंचांची पाठ माझ्याकडे होती. एकतीस मुलं गुडघ्यांवर बसली होती. सिस्टर बीएट्रिस विणायच्या थांबल्या होत्या. मला ठाऊक होतं की सैल आहे. मी तशीच धरून ठेवली होती. या बाबतीत चूक झाली असं मी म्हणणार नाही.

तू चेंडूकडे बघितलंसही नाहीस. माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालास, "ताण, एमिल."

मी ताणली.

पंच गुडघ्यावर बसले. चेंडूचं नाक काठीच्या पुढे होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यांनी हात उत्तरेकडे केला, म्हणजे चेंडू आपला, आणि मग जे झालं त्यात मला फक्त एवढं आठवतं की साखळी धरणाऱ्याने ओरडायचं नसतं आणि आपण दोघं ओरडत होतो. सिस्टर अ‍ॅडेलांनी नंतर मला सुनावलं. त्यांचाही आवाज बसला होता.

एक जिंकला, सात हरलो असं लिहिणार होतो, पण कोच म्हणतो आकडा सांगताना एक कमी सांग, पहिला सामना मोजायचा नाही, तेव्हा मुलांना गणवेश सुलटे घालायचेही कळत नव्हते. "मापात फेरफार चालणार नाही" असं तू म्हणालास ना, तेच मी त्याला सांगितलं. पण मीच चुकलो होतो, मागच्या पत्रानंतरचा एक धरून खरं तर सहाच हरलो. एकूण सात झाले. पुन्हा मोजलं. ब्लांशकडूनही मोजून घेतलं. पुढच्या वर्षासाठी सिस्टरकडे बावन्न मुलांची पत्रं आली आहेत.

हार्लन कुंपणाचं विचारत होता. मंगळवारी निघताना तू न्याहारीला जे म्हणालास तेच मी त्याला सांगितलं: "कुंपण परत घालायचं तर मोजावं लागेल, आणि एमिलच्या हातात टेप द्यायची माझी हिंमत नाही." तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला की पंधरा यार्डांचा घास गेला तरी चालेल, त्याला उत्तरेच्या खांबामागे एक खुर्ची हवी. मी दोन ठेवणार आहे. दुसरी कोणाची ते तुला सांगायला नको.

एप्रिलमध्ये तुझ्या पंधरा यार्डांवर गवत पेरायचं आहे. त्याआधी सगळं मैदान नव्याने आखायला हवं. बाबांची साखळी तू पुसून शेडमध्ये खिळ्याला टांगून गेलास, तशीच आहे. काल काढून पाहिली. एकट्याला ती ताणता येत नाही.

तुझा
एमिल